आंबिलीचा वास

तो पांढरा ठिपका काचेवरचा डाग असेल असं वाटून प्रमोदनं मोबाइल शर्टाच्या टोकाला दोनदा पुसला, मग अंगठ्याच्या नखानं खरवडून पाहिला, तरी तो जाईना — आणि मग ध्यानात आलं की डाग-बिग काही नाही, तो फोटोच आहे, सोसायटीच्या ग्रुपवर आशिषनं सकाळी सकाळी टाकलेला: काळ्यावर एक फिकट गोळा आणि खाली लाल अक्षरांत, आज तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ! धूमकेतू की परग्रहाचं यान? शास्त्रज्ञ गप्प का?

गप्प कुठले, डोंबल! बोलून बोलून घसे बसले बिचाऱ्यांचे. जुलैत तो सापडल्यापासून प्रमोद स्वतःच या ग्रुपवर कितीदा लिहून चुकला होता — की बाबांनो, दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्याकडून आलेला हा आपल्याला ठाऊक असलेला तिसराच पाहुणा, सूर्याला वळसा घालून निघून जाईल, परत म्हणून यायचा नाही. आणि जवळ जवळ म्हणजे किती, तर सत्तावीस कोटी किलोमीटर, सूर्यच मुळात पंधरा कोटींवर आहे... पण उचलली जीभ, लावली टाळ्याला. शेपूट उलटीकडे कशी, सूर्यामागे दडला होता तेव्हा काय करत होता — जणू गावातल्या टोकरखाड्याच्या नाक्यावर कुणाची गाडी उशिरापर्यंत उभी होती, त्याचीच चौकशी चालली होती. यावर प्रमोदचं उत्तर ठरलेलं, दोनच शब्दांचं: पुरावा कुठंय? सोसायटीतली पोरं त्याला मागं ‘पुरावाकाका’ म्हणतात हे त्याला माहीत होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं.

आजही त्यानं ‘पु’ टाइप केला. तेवढ्यात आशिषचा पुढचा मेसेज आला. ‘पण शक्यता नाकारता येत नाही ना, प्रमोदभाई?’

बोट तिथंच थांबलं.

“चहाचं सरबत झालं,” अनुराधा स्वयंपाकघरातून म्हणाली. “जगाला शहाणं करून झालं असेल तर घ्या. आणि संध्याकाळी वेळेवर या हं, सात वाजता गच्चीवर तुमचं भाषण आहे. मी पुढं बसणार आहे.”

“अगं, तो संध्याकाळी नसतोच आकाशात. मध्यरात्रीच्या सुमाराला वर येतो, आणि तेव्हाही नुसत्या डोळ्यांना...”

“मग तसं सांगा. तुमचं ऐकतात लोक.”

ऐकतात. तेच तर झालं होतं.

कारखान्याला निघाल्यावर राखोलीच्या रस्त्याला लागेपर्यंत तो दुसरं काहीतरी आठवायचा प्रयत्न करत राहिला — लाइटबिल, गाडीचा विमा — पण मन म्हणजे जिभेसारखं, दुखऱ्या दाढेलाच जाऊन लागायचं. वाइनशॉपच्या पाट्या एकामागून एक सरकत होत्या. पलीकडे गुजरातेत दारूबंदी, त्यामुळं सुट्टीच्या दिवशी वापी-वलसाडचे लोक गाड्या भरभरून इथं घसा ओला करायला येतात, आणि म्हणून या गावात कुणी सायकलवरून पडला, जिन्यावरून घसरला, की त्याला उचलायच्या आधी चार माणसं म्हणून मोकळी होतात: प्यायला असेल. त्यातून तो रांध्याचा, आदिवासी पाड्यावरचा असला तर मग विचारूच नका.

बारकू रांध्याचा होता. वाया गेलेलं सूत दाबून त्याच्या गाठी बांधायच्या प्रेसवर नऊ वर्षं काम केलेला, बुटका, कामाशी काम ठेवणारा माणूस. सव्वीस नोव्हेंबरला त्याचा उजवा हात प्रेसमध्ये गेला. कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर म्हणून प्रमोद धावत पोहोचला तेव्हा त्याला खाली बसवलेलं होतं, हाताला कुणाचातरी टॉवेल, तोंडातून आवाज नाही, आणि भोवती एक आंबूस वास... मी वास घेतला होता. घेतलाच होता, ते काही खोटं नाही. ताडीसारखा आंबूस. मागं कुणीतरी पुटपुटलं, “टाकून आला असेल,” आणि प्रमोदला ते पटलं — इतकं चटकन पटलं की त्याची त्यालाच आता लाज वाटत होती. रक्त तपासायला सांगावं हे कुणालाही सुचलं नाही, वास आला होता ना! संध्याकाळी रिपोर्टात ‘संभाव्य कारण’ या रकान्यात त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं, की कामगारानं मद्यप्राशन केलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. खाली सही, कारखान्याचा शिक्का. किती सभ्य वाक्य! कुणावर आरोप म्हणून नाही.

दुपारी गेटवरून फोन आला, बारकू आलाय. आत घ्यायची परवानगी नव्हती, म्हणून प्रमोदच बाहेर गेला. तो भिंतीच्या सावलीत उकिडवा बसला होता, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला हात मांडीवर, जणू दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिलीय. अंगठा तेवढा उरलाय, डॉक्टर म्हणाले होते. प्रमोदला पाहून तो उठला.

“रामराम सायेब.”

“कसा आहेस बारकू? ड्रेसिंग वेळेवर—”

“सायेब, एक विचारू? तुमी त्या दिवशी माझा वास घेतला व्हता का?”

प्रमोदनं गेटकडं वळून पाहिलं.

“मी पिलो नव्हतो. सहा वरसं झाली सोडून. भिमा म्हणली व्हती, आता पिलास तर मी पोरांना घेऊन भावाकडं जाईन, आन् मी तिच्या हातावर हात ठेवून सोडली. ती आंबील व्हती सायेब. नागलीची आंबील, रातभर आंबवलेली. मी डबा खायला बसणार तेवढ्यात सुपरवायजर बोलला, एक गाठ काढ मग जेव. गडबडीत डबा सांडला, माझ्या शर्टावर बी सांडला.”

“असं होय...”

“कागद घरी आला. पोरीनं वाचला, कावेरीनं, दहावीला हाय ती. आईला सांगितलं, बाप पिलेला व्हता असं कंपनीनं लिवलंय. भिमा गेली खानवेलला, भावाकडं. मी शपथ घेतो तर म्हणते, तू बोलशील, तुझं तोंड हाय. कागद कशाला खोटं बोलंल?” त्यानं फडक्याचं सुटलेलं टोक आत खोचलं. “आज सांजंला तिचे भाऊ येतील रांध्याला, माणसं बसतील. ती नांदणार का नाय ते आज ठरंल. तुमी या सायेब. दुसरं काय नको. येवढंच बोला, मी त्याला पिलेला बघितला नाय. तुमचं ऐकतील.”

“बघतो,” प्रमोद म्हणाला. “जमवतो.”

“सात वाजता बसतील,” बारकू म्हणाला, आणि डावा हात कपाळाला लावून, कडेकडेनं चालत गेला.

शक्यता म्हणे! कागद रांध्याला पोहोचेपर्यंत ती शक्यता कधीच वाटेत गळून पडली होती, उरला होता फक्त प्यालेला बारकू. आणि प्रमोदला आता डबा आठवत होता — आठवत होता कसला, दिसत होता, प्रेसच्या पायाशी आडवा झालेला स्टीलचा डबा, झाकण लांब, फरशीवर मातकट पातळ काहीतरी पसरलेलं आणि त्यावर कुणाच्या तरी चपलेचा ठसा. हे मी तेव्हाच पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि... नाशिक शहरात वाढलेल्या माणसाला आंबिलीचा वास कसा कळणार? ठीक आहे, नाही कळला. पण खाली वाकून बघता आलं असतं. कुणालातरी विचारता आलं असतं, हे काय सांडलंय. सत्तावीस कोटी किलोमीटरवरच्या दगडासाठी पुरावा मागणारा माणूस दोन फुटांवरच्या डब्यापाशी वाकला नाही.

का वाकला नाही, तेही त्याला ठाऊक होतं. तिथंच तर सगळं अडलं होतं. प्रेसचं दार उघडं असलं की मशीन बंद पडायला हवं, त्यासाठी दारावर एक स्विच असतो, आणि तो स्विच कामाचा वेग वाढावा म्हणून सुपरवायझरनं सुतानं करकचून बांधून ठेवला होता. प्रमोदनं तो सोमवारच्या फेरीत पाहिला होता. महिनाअखेर आहे, माल जायचाय, उद्या सांगू, असं म्हणून पुढं गेला होता. बुधवारी हात गेला. बारकू प्यायला नव्हता असं एकदा म्हटलं, की लगेच पुढचा प्रश्न येणार, मग हात गेला कसा? बारकूला तो प्रश्न सुचला नव्हता. त्याला बिचाऱ्याला फक्त बायको परत हवी होती.

चार वाजता तो आशिषच्या केबिनमध्ये गेला. आशिष इथंच एच.आर.ला, सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारा, माणूस तसा वाईट नाही, कुणाच्याही लग्नाला पहिला हजर.

“मी रांध्याला जाऊन येऊ का म्हणतोय,” प्रमोद म्हणाला. “बारकूचं.”

“वेडे आहात का प्रमोदभाई? तुम्ही कुठं लिहिलंय तो प्यायला होता? शक्यता लिहिलीय. शक्यतेवरून कुणी कुणाला फाशी देतं का?” मग आवाज खाली आणून, “आणि ते काढलं, तर त्या रकान्यात दुसरं काय लिहायचं, ते सांगा ना मला.”

प्रमोदनं ते सांगितलं नाही. ओठांपर्यंत आलं होतं. समोरच्या ग्लासातलं पाणी तो प्यायला आणि उठला.

घरी येताना रांध्याकडं वळायचा रस्ता आला आणि गेला. सहाच वाजलेत, तो स्वतःशी म्हणाला, कपडे बदलून निघू, अर्ध्या तासाचा तर रस्ता. घरी आल्यावर म्हणाला, दोन शब्द बोलून लगेच निघू. गाडीची किल्ली त्यानं खिशातच ठेवली, बाहेर काढली नाही, हेही त्याला प्रामाणिकपणाचं वाटलं. पावणेसातला खुर्च्या लागल्या, पोरं जमली, अनुराधा खरंच पुढं बसली. सात वाजता रांध्याला माणसं बसली असतील. प्रमोद उभा राहिला आणि बोलायला तोंड उघडलं, तर सुरुवातच सापडेना.

“तो बघा!” मागून आशिष ओरडला. “तो, पिवळसर! हलतोय बघा जरा!”

सगळ्यांच्या माना वर गेल्या. दक्षिणेला शनी होता, रोजचा, कुठंही न हलणारा. पाहुणा तर पायांखाली, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, अजून कितीतरी तास उगवायचा नव्हता. पण मोबाइल उंचावले, कुणी म्हणालं हिरवट दिसतोय, कुणी म्हणालं, मला शेपूटपण दिसली. माणसांचे चेहरे कसे उजळले होते! प्रमोद ते चेहरे बघत राहिला. एका शब्दाचं काम होतं.

अनुराधानं वळून पाहिलं. “अहो, तो शनी ना? परवाच तुम्ही दाखवलात.”

“असेल,” प्रमोद म्हणाला.

“असेल?” ती त्याच्याकडं बघतच राहिली. वीस वर्षांत तिनं हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

किती हलकं वाटलं पण! कुणाला अडवायचं नाही, वाकून बघायचं नाही, नुसतं माना वर करून सगळ्यांबरोबर उभं राहायचं. रांध्यालाही आत्ता असंच कुणीतरी म्हणत असेल, प्यायला असेल, आणि त्याची बायको खाली मान घालून ऐकत असेल. तिचा चेहरा प्रमोदनं कधी पाहिलेला नव्हता, आणि पाहिलेला नाही याचं त्याला बरं वाटलं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी वर येत होतं, आणि त्याला ते थोपवता येईना. आंबील सांडली असेल, पण म्हणून त्या आधी तो प्यायलाच नसेल कशावरून? थोडीशी? सकाळी? सणासुदीची?

प्यायलेला असू दे, तो मनात म्हणाला. देवा, तो माणूस त्या दिवशी प्यायलेला असू दे. देवळाची पायरी न चढलेल्या प्रमोदनं आयुष्यात देवाकडं पहिल्यांदा काही मागितलं, ते हे. आणि मागताना त्याचे हात खरोखरच जोडले गेले होते.