सतरावी खेळाडू

"कोरली, अगं त्या सतरा आहेत!"

लॉरेल कुजबुजली खरी, पण तिची कुजबुज म्हणजे दुसऱ्याची आरोळी. कोरली पॅस्कोने मैदानावरची नजर न काढता तिला गप्प केलं आणि स्वतः मोजायला लागली. शाळेची बस चालवण्यात तिची हयात गेली होती. इकडून तिकडे पळणारी पोरं मोजणं हा तिच्या हातचा मळ. सतराच होत्या. नियम सोळांचा. समोरच्या संघातली नाकातून रक्त आलेली मुलगी कापूस कोंबून परत आत धावली होती आणि तिच्या जागी गेलेली बाहेर यायचं विसरली होती.

पोर्ट विरा गावच्या मुलींची, कोरलीच्या संघाची, ही पहिलीच फायनल. शेवटचं सत्र चालू होतं आणि त्या चार गुणांनी मागे होत्या. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये गोलाचे सहा गुण मिळतात, म्हणजे एक गोल झाला की कप त्यांचा.

"मग? जाऊ का पळत?" लॉरेल विचारत होती. खेळ चालू असताना कोचचा निरोप आत पोचवणं हे तिचं काम. "टीगनला सांगते, मोजणी माग म्हणून. पंच खेळ थांबवेल, त्यांना रांगेत उभं करेल, आणि एक जास्त निघाली की त्यांचे सगळे गुण साफ! शून्य!"

मोजणी मागायचा हक्क कप्तानाचा, आणि टीगन त्या वेळी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला चिखलात लोळत होती.

कोरलीने पुन्हा एकदा मोजलं. क्लबचा अध्यक्ष ट्रेव नॅनकिव्हल गेल्याच आठवड्यात तिला म्हणाला होता, "कप आण, कोचची जागा तुझी. नाहीतर ॲडलेडहून एक गडी यायला तयार आहे." सहा वर्षांपूर्वी मुलींचा संघ निघाला तेव्हा या जागेकडे कुत्रं फिरकत नव्हतं. कोरली वीस वर्षं त्याच क्लबात पुरुषांसाठी संत्री कापत होती, खिमा भरलेल्या पेस्ट्या गरम करत होती, त्यांच्या चिखलाच्या जर्स्या दोरीवर वाळत घालत होती. बाराव्या वर्षी तिला मुलांच्या संघातून काढलं होतं. पोरगी आता मोठी झाली, म्हणाले. तेव्हापासून ती बार्लीच्या कोठारामागे एकटीच बॉल मारायची, लग्न झालं तरी मारायची. ट्रेवने गंमत म्हणून संघ तिच्या गळ्यात मारला. पहिल्या वर्षी एका सामन्यात त्यांना एकही गुण मिळाला नव्हता, आणि गावाला महिनाभर हसायला विषय मिळाला होता. त्याच पोरी आज फायनल खेळत होत्या.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"निरोप नाही द्यायचा."

"डोकं फिरलंय का तुझं? नियमातच आहे ते!"

"नियमात आहे गं बाई, ठाऊक आहे. सहा वर्षं मार खाल्लाय मी. आता जिंकायचंय ते गोल मारून जिंकायचंय, दुसऱ्याच्या विसरभोळेपणावर नाही."

ती सरळ पलीकडच्या बाकाकडे चालत गेली. तिथली कोच पंचविशीची, पहिल्याच वर्षाची पोर. "बाळा, तुझी एक जास्त आहे आत. काढून घे," कोरली म्हणाली. त्या पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने हाका मारमारून एकीला बाहेर काढलं.

परत येताना मात्र कोरलीला रुखरुख लागली. कप काय तिच्या एकटीचा होता? आतल्या सोळाजणींना न विचारता तिने तो देऊन टाकला होता.

शेवटच्या क्षणी टीगनने तिघींच्या डोक्यांवरून उडी घेऊन बॉल झेलला. झेल घेतला की कोणी न अडवता किक मारायला मिळते. तिने मारला तो सुरेख, उंच. वाऱ्याने जरासा वळला आणि खांबाला थडकला. खांबाला लागलेल्याचा एकच गुण. भोंगा वाजला. पोर्ट विरा तीन गुणांनी हरलं होतं.

कपडे बदलायच्या खोलीत कोणी कोणाकडे बघत नव्हतं. तेवढ्यात ट्रेव आत आला. लॉरेलच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"हातात आलेला कप सोडलास, कोरली! कुणाला विचारून?"

कोरली स्वतःलाही तेच विचारत होती.

"ट्रेव, मोजणी कप्तान मागतो. कोच नाही," कोपऱ्यातून टीगन म्हणाली.

"अगं पण हिने तुला निरोपच धाडला नाही!"

"निरोप कशाला हवा? मला काय आकडे येत नाहीत? ती नाकवाली आत आली तेव्हाच मोजल्या मी. बाकीच्यांनाही सांगितलं. म्हटलं, मागू का? तर म्हणाल्या, राहू दे, सतरांना हाणू."

"हाणलंच असतं," कोणीतरी म्हणालं, "मेला तो खांब आडवा आला!"

खोलीत हसू फुटलं. नाक पुसत, रडत, पोरी हसत होत्या. कोरलीही त्यांच्यात हसत होती.

ट्रेव घसा खाकरून म्हणाला, "मग पुढच्या वर्षीचं..."

"आण तुझा ॲडलेडचा गडी," कोरली म्हणाली. "नशीबवान आहे लेकाचा. घडवलेल्या पोरी मिळतायत त्याला."

ट्रेव टोपी हातात घेऊन निघून गेला. कोरली कात्री घेऊन टीगनसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिच्या सुजलेल्या घोट्याची चिकटपट्टी कापू लागली.

"अहो कोच, उठा. मी काढते ना."

"गप बस," कोरली म्हणाली. "पाय सरळ कर."