बेरिंबाऊच्या पायाशी

कीर्तनाला उशीर होऊन नमन चुकलं की मला दिवसभर चुटपुट लागते. म्हणून असेल, माझ्या भाचीचा, स्वानंदीचा कपोएरा, म्हणजे तो ब्राझीलचा लढाऊ नाच, मला पटला तो लाथा-कोलांट्यांमुळे नाही, तर त्याआधीच्या गाण्यामुळे. धनुष्याला एक तार आणि वाळका भोपळा, असं ते वाद्य, बेरिंबाऊ. त्याच्या पायाशी दोघं खेळणारे उकिडवे बसतात आणि त्यातला एकजण देवाला, गुरूला आळवतो. ते आळवणं संपेपर्यंत कुणी हलायचं नाही.

"आफ्रिकेतून बेड्या घालून आणलेली माणसं गं मावशी," स्वानंदी सांगायची. "ब्राझीलच्या उसात राबायची. लढाई नाचात लपवली. पुढे कायद्यानं बंदी आली, पोलीस धरायचे, तरी गात राहिले."

नेवार्कचे तिचे मेश्त्रे, म्हणजे गुरुजी, जोआकिम. त्यांनी इतकी वर्षं तिला नुसती टाळ्यांची साथ करू दिली. यंदा म्हणाले, "गा. पण पहिल्यांदा आपल्या माणसांत गा."

आपली माणसं म्हणजे वेस्ट विंडसरचं आमचं मराठी मंडळ, आणि २००४चा गणेशोत्सव. कार्यक्रम बघणारा शैलेंद्र म्हणाला, "काकू, आठ मिनिटं. सीडी आणा."

"सीडी नाही रे, स्वतः गाणार आहेत. गाणं मध्ये तोडू नकोस हं."

"नाही हो. किक मात्र हव्यात, पब्लिक बोअर होतं यार."

पडदा उघडला. स्वानंदी आणि मेश्त्रेंचा दुसरा एक शिष्य उकिडवे बसले. मेश्त्रेंनी तार छेडली आणि स्वानंदीनं डोळे मिटून सूर लावला. अंगावर काटा आला माझ्या. दुसरीच ओळ चालू होती, तोच मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, स्टार्ट करा!" साउंडच्या टेबलावर बसलेल्या शैलेंद्रला वाटलं, मुलं ट्रॅकची वाट बघताहेत. आमच्याकडे सगळे सीडीवरच नाचतात ना! त्यानं माइक बंद केला आणि स्वतःकडचा ढोलाचा ट्रॅक धडाक्यात लावला. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मेश्त्रेंनी बेरिंबाऊ खाली केला. तो थांबला की खेळ थांबतो. दोघं जमिनीला हात लावून उठले आणि निघून गेले.

मी तणतणत टेबलापाशी गेले. "अरे, पूजा चालली होती ती!"

"सॉरी काकू, मला वाटलं वॉर्म-अप आहे. एवढं काय? पुढच्या वर्षी दोन मिनिटं जास्त देतो. जेवून घ्या, मसालेभात संपतोय."

मी तशीच बाहेर पडले.

पार्किंगमध्ये मेश्त्रे व्हॅनमध्ये वाद्यं ठेवत होते. रागावले नव्हते. "रविवारी नेवार्कला," ते स्वानंदीला म्हणाले, "पहिल्या ओळीपासून."

तिनं मान हलवली, पण व्हॅन गेल्यावर बोलली, "तिथे माझं कोण असणार आहे?"

"मी येते की."

"तू येशीलच गं." तिनं नाक पुसलं. "तू तर इथेही ऐकत होतीस."