चार किलोंचे पापड

सरोजिनीचं चुकलं ते पिठाच्या अंदाजात. लालबागच्या चाळीत दर चैत्रात चार किलो उडदाचं पीठ भिजवायचं आणि दहा-बारा जणींनी बसून दिवस मावळायच्या आत पापड लाटून मोकळं व्हायचं, ही हाताची सवय. त्याच हातानं तिनं वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये पीठ भिजवलं, कुटलं, तेल लावून लाट्या पाडल्या आणि मग वळून घरात बघितलं. लाटणारी ती एकटीच.

आता काय म्हणावं या बाईला! पण तिचा तरी काय दोष? सहा महिने झाले होते इथं येऊन. जिन्यात चिटपाखरू नाही, दारं सगळी बंद. बोलायला माणूस मिळेना तशी तिची भूक गेली, झोप उडाली, दुपारचं उगाच रडू यायला लागलं. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, ते बिचारं काय करणार? शेवटी नवऱ्यानं, मधुकरनं, सरकारी योजनेत मिळालेली ही जागा परत करायचा अर्जच लिहिला. "संध्याकाळी सही कर, उद्या देऊन येतो," असं सांगून तो सकाळी कामावर गेला.

सरोजिनीला जागा सोडायची नव्हती. हक्काचं घर होतं, घरात स्वतःचा नळ होता. पण रोज रडणाऱ्या बाईनं हे कुठल्या तोंडानं सांगावं?

लाट्या मात्र उद्यापर्यंत आंबल्या असत्या, आणि अन्न फुकट घालवणं तिच्या रक्तात नव्हतं. तिनं पदर खोचला आणि लाटणं हातात तसंच धरून समोरच्या दाराची कडी वाजवली.

दार वेणूबाईंनी उघडलं. मूळच्या नांदेडकडच्या, नवरा कारखान्यात. लाटणं बघून त्या दोन पावलं मागेच सरल्या.

"पीठ जास्त झालंय हो," सरोजिनी म्हणाली. "लाटायला येता का? निदान लाटी खायला तरी या."

वेणूबाईंनी दार पूर्ण उघडलं. "दीड वर्ष झालं बघा मला इथं," त्या म्हणाल्या. "कुणी बोलावलंच नाही. थांबा, पोळपाट घेऊन येते."

मग काय विचारता! वेणूबाईंनी वरच्या मजल्यावरून वैशालीला ओढून आणलं, वैशालीनं पलीकडच्या बिल्डिंगमधून चौघींना. तासाभरात हॉलमध्ये सात पोळपाट. वैशालीचा एक पापड गोल होईल तर शपथ. गच्चीवर खाडीचा वारा सुटला, पापड उडायला लागले, आणि सगळ्याजणी पापडांखाली अंथरलेल्या साड्यांची टोकं दाबायला धावल्या. सरोजिनी आठ वेळा जिना चढली-उतरली आणि हसून हसून तिचं पोट दुखायला लागलं. दुपारी तिला कडकडून भूक लागली. ती दोनदा भात वाढून घेऊन जेवली.

संध्याकाळी मधुकर आला तर दार सताड उघडं, बाहेर चपलांचा ढीग. बायकोला काही झालं, याच भीतीनं तो आत घुसला.

गालाला पीठ लागलेली सरोजिनी पोळपाटावरून मान वर करून हसली. तिनं तेलात बुडवलेली एक लाटी त्याच्या हातावर ठेवली.

"तो अर्ज..." मधुकर चाचरला. त्यानं खिशातून कागद काढला.

"मला नाही सोडायची जागा," ती म्हणाली. "उद्या वेणूबाईंचं पीठ भिजतंय, परवा वैशालीचं. सही करायला हात कुठे रिकामे आहेत?"

मधुकरचे डोळे भरून आले. त्यानं कागद उलटा करून खाली ठेवला, त्यावर ती तेलकट लाटी ठेवली आणि तिच्याशेजारी मांडी घातली.

"मला पण एक लाटणं द्या," तो म्हणाला.