सिंहासनाच्या जागी मी

मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. तुम्ही मला चित्रात पाहिले असेल, तर आधीच सांगून ठेवते, प्रत्यक्षात मी त्याहून बरी दिसते.

एका सुताराने आम्हा सहा बहिणींना एकाच सागवानी ओंडक्यातून घडवले आणि आमची बैठक वेताने विणून घेतली. दातांच्या एका डॉक्टरांनी आम्हाला घेतले आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून ठेवले. तिथे येणारा प्रत्येक जण गाल धरून माझ्या टोकावर बसायचा. मनापासून टेकून बसलेला माणूस मी त्या घरात कधी पाहिला नाही. पुढे दवाखाना हलवताना मी टेम्पोतून पडले आणि माझ्या मागच्या डाव्या पायाचा तुकडा उडाला. लंगड्या खुर्चीला कोण विचारतो? माझी रवानगी भंगारवाल्याकडे झाली. फुटक्या बादल्यांच्या आणि गंजक्या पंख्यांच्या संगतीत मी सगळी आशा सोडून दिली होती.

तेवढ्यात एक बाई आली. तिच्या नखांत निळा रंग होता. ती माझ्यावर बसली, डगमगली, पुन्हा बसली आणि खुदकन हसली. हीच हवी होती, असे ती म्हणाली, तेव्हा भंगारवाल्याला तिच्या डोक्याबद्दल शंका आली असावी.

ही बाई माणसांची चित्रे रंगवायची. सगळे तिला ताई म्हणत. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिची खोली होती. मोठ्या खिडकीसमोर तिने मला ठेवले, पण पाय काही दुरुस्त केला नाही. मला फार राग आला. कारण हळूहळू कळले. चित्र काढून घ्यायला आलेला माणूस आधी छाती काढून, हनुवटी उचलून बसतो. माझ्यावर ही ऐट टिकत नाही. तोल सांभाळायला तो जरा उजवीकडे रेलतो, हात माझ्या हातावर टाकतो आणि चेहऱ्याची इस्त्री मोडते. ताई त्याच क्षणाची वाट पाहत असे. हे समजले, आणि मला माझ्या लंगडेपणाचा अभिमान वाटू लागला.

गावात चित्रे काढणारे, मूर्ती घडवणारे लोक होते, पण त्यांची कामे मांडायला जागा नव्हती. शाळेच्या व्हरांड्यात दोऱ्या बांधून ते प्रदर्शन भरवायचे. वारा सुटला की चित्रे भिंतीवर आपटायची आणि चित्रकार धावत सुटायचे. त्यांची एक रीत मात्र मोठी छान होती. कोणाचेही काम बाहेर जाण्याआधी सगळे ताईच्या खोलीत जमत आणि प्रत्येक जण त्यातला एक दोष सांगत असे. दोष सांगितल्याशिवाय चहा मिळत नसे, आणि ज्याचे काम असेल त्याने ब्रही काढायचा नसे. दगड फोडून फोडून जीभही तशीच झालेले शिल्पकार दादा सगळ्यांत तिखट बोलत. दुकानांच्या पाट्या रंगवणारे काका मवाळ. चहाच्या घाईत ते दरवेळी ‘सही जरा मोठी झालीय’ एवढेच म्हणून मोकळे होत.

एके दिवशी सूतगिरणीच्या मालकीणबाई आल्या. कचेरीत लावायला त्यांना स्वतःचे चित्र हवे होते. गिरणीचे एक मोठे गोदाम रिकामे पडले होते. छपरात काचा, भरपूर उजेड. चित्र मनासारखे झाले तर ते गोदाम गावातल्या सगळ्या कलाकारांना कायमचे देईन, असा शब्द त्यांनी दिला. ताईने हातातला ब्रश चहाच्या कपात बुडवला, हे मी स्वतः पाहिले.

बाई रोज येऊन बसू लागल्या. आधी अगदी ताठ. मग माझ्यावर रेलून त्या आईबद्दल बोलू लागल्या, एकदा तर चक्क पेंगल्या. चित्र पूर्ण झाले. चेहरा पाहून त्या खूश झाल्या, पण मला पाहून त्यांनी नाक मुरडले.

“ही खुर्ची पाहून लोक म्हणतील, गिरणी बुडाली,” त्या म्हणाल्या. “इथं उंच पाठीचं सोनेरी सिंहासन काढा.”

मित्रांनो, मला रडू आले. ताईने आधी साफ नकार दिला. समोर नाही ते ती कधीच रंगवत नसे. पण काकांनी तिची समजूत घातली. पोरी, खुर्चीच तर आहे, एवढ्यासाठी सगळ्यांच्या जागेवर पाणी सोडू नकोस, असे ते म्हणाले. अखेर ताई तयार झाली. फर्निचरच्या दुकानातल्या एका छापील चित्रावरून तिने माझ्या जागी सिंहासन रंगवले.

दोष सांगायला सगळे जमले. दादा बराच वेळ चित्रासमोर उभे राहिले. मग येऊन माझ्यावर बसले, उठले आणि पुन्हा चित्राकडे गेले.

“ताई, बाई पडतायत,” ते म्हणाले.

सगळ्यांनी पाहिले आणि हसू फुटले. खरेच की. शरीर माझ्यावर रेललेले, आणि खाली मात्र सपाट, भक्कम सिंहासन. सूतगिरणीच्या मालकीणबाई त्यावरून घसरून चालल्या होत्या. मग हसू ओसरले. चूक सुधारायची तर बाईंना पुन्हा ताठ बसवून सगळे चित्र नव्याने काढावे लागणार होते, किंवा मला परत आणावे लागणार होते. काका हळूच म्हणाले, “खरवड ते सोनं. गोदामाचं पाहू काय होतं ते.”

ताईने सुरी घेतली. ओला सोनेरी रंग निघत गेला आणि त्या जागी ती मला पाहून मला रंगवू लागली. एवढ्या प्रेमाने माझ्याकडे कोणीही पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई आल्या. दादा, काका कोपऱ्यात उभे. सिंहासन कुठे गेले, असे बाईंनी विचारले.

“तुम्ही त्यावर कधी बसलाच नव्हता,” ताई म्हणाली.

बाई चित्राच्या अगदी जवळ गेल्या. मग त्या हळू आवाजात बोलल्या. “गिरणीत मी सगळ्यांसमोर ताठ बसते. अशी टेकून बसल्याला किती वर्षं झाली होती. राहू द्या ही खुर्ची.” आणि त्यांनी पर्समधून गोदामाची किल्ली काढून काकांच्या हातात ठेवली. काकांच्या डोळ्यांत पाणी आले.

उद्घाटनाला गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. दादांच्या मूर्ती, ताईची माणसे, काकांची कोणालाच माहीत नसलेली झाडांची चित्रे, सगळे एका छपराखाली. बाईंसाठी मखमली खुर्ची मांडली होती. त्यांनी तिला हातही लावला नाही.

“माझी खुर्ची आणा,” त्या म्हणाल्या.

दादांनी मला डोक्यावर घेतले आणि भर रस्त्यातून नेले. पुढे काका, गाड्या थांबवत, वाट मोकळी करत. कोण एवढे मोठे पाहुणे येत आहेत, म्हणून लोक खिडक्यांतून वाकून पाहत होते. मी येत होते! लंगडी, भंगारातली मी.

आज मी त्याच दालनात असते. कोणीतरी माझ्यापुढे ‘बसू नये’ अशी पाटी ठेवली होती, ती ताईने उचलून फेकली. मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. वेत सैल झाला तर आवळून घ्या, लाकडाला अधूनमधून तेल द्या. पण मग त्यांना दुरून नमस्कार करू नका. या, निवांत टेकून बसा.