अळणी ताट

"अळणी चालू आहे ना, आचारीकाका?" रक्तदाबाचा पट्टा सोडत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो तर! कधीपासून."

"मग हा आकडा काय आकाशातून पडला? मूत्रपिंडं दमलीयेत तुमची. असंच चाललं तर वर्षाच्या आत मशीनला जोडावं लागेल."

आचारी जिना उतरला. खाली रुग्णालयाचं स्वयंपाकघर, त्याचंच राज्य. सव्वीस वर्षं तो तिथे दोन पातेली चढवत आला होता, एक कर्मचाऱ्यांचं आणि एक अळण्याचं. अळण्याच्या पातेल्याला त्याने कधी जीभ लावली नव्हती. अळणी ताट ज्याच्यापुढे गेलं तो माणूस खाटेवरून उठत नाही, हे त्याच्या मनाने घट्ट धरलं होतं. उठून हसतखेळत घरी गेलेले त्याला दिसलेच नाहीत. ते थोडेच आचाऱ्याचा निरोप घ्यायला खाली येतात?

म्हणून बायकोने घरी अळणी सुरू केलं, तशी त्याच्या सदऱ्याच्या खिशात मिठाची पुडी आली. दुपार टळल्यावर, आणि रात्रीही उशिरा, बायकोचं जेवण उरकल्यावरच तो घरी यायचा. बायको पुढच्या खोलीत शिवणाला बसलेली असायची. ताटावरचं झाकण काढायचं, दाराकडे एक डोळा ठेवायचा आणि चिमूट सोडायची.

तपासणी झाली त्या दिवशी मात्र रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातली गॅसची नळी गळायला लागली, शेगड्या बंद झाल्या आणि तो भर बाराला घरी पोचला. बायको ओट्याशी खाली बसून एकटीच जेवत होती. उकडलेला दुधी आणि भात. त्याने सहज तिच्या ताटातली फोड तोंडात टाकली, आणि चावता चावता थांबला.

"हे तर माझं आहे!"

"तुमचं-माझं काय? घरात एकच भांडं चढतं."

"कधीपासून?"

"आठ महिने झाले."

"अगं, तुला काय धाड भरलीये? धडधाकट बाई तू!"

"तुम्हाला एकट्यालाच आजारी वाटायला नको, म्हणून." ती घोटभर पाणी प्यायली. "म्हटलं, कधीतरी माझ्या ताटात डोकावाल, निदान खिशातलं मीठ तरी सुटेल."

त्याचा हात आपसूक खिशावर गेला. "तुला ठाऊक होतं?"

"सदरे काय शेजारीण धुते?"

"मग बोलली का नाहीस?"

"मीठ खाऊ नका म्हणून बोलून दमले हो. पहिल्याच महिन्यात दमले."

तो हळूच म्हणाला, "मला भीती वाटते गं त्या ताटाची."

"मी रोज तेच खातेय," ती म्हणाली. "मेले का?"

गुडघ्यावर हात टेकत तो तिच्याशेजारी बसला. तिने ताट वाढलं. पहिला घास त्याने पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. दुसराही.

"कसं लागतंय?"

"वाईट."

"हं," ती म्हणाली आणि तिने त्याला आणखी भात वाढला.