रिकाम्या खुर्चीचा कौल

आईने लिहिलेल्या बालनाट्यात एक मुलगी रिकाम्या खुर्चीशी बोलते. खुर्चीत तिची मैत्रीण असते आणि ती फक्त तिलाच दिसते. आई वसंतात गेली. नाटक तिने लिहिलं तसंच व्हावं, एवढीच माझी इच्छा होती. पण तैवानमधल्या ताइनान शहरातलं आमच्या वस्तीचं सभागृह मिळालं ते नेमकं सातव्या चांद्रमहिन्यात, भुतंखेतं मोकळी फिरतात तेव्हा.

तालमीला निम्मी मुलं आलीच नाहीत. वस्तीतल्या आया जिच्या शब्दाबाहेर नसतात, त्या को काकू मात्र आल्या, बदकाचा पिवळा पोशाख घेऊन.

"हे घालून कुणालातरी खुर्चीत बसव, सू-वान. या महिन्यात रिकाम्या जागी कोण येऊन बसेल, नेम आहे का?"

"काकू, ती कल्पनेतली मैत्रीण आहे. बदक नाही."

"मग ससा आणू?"

रोज हेच. नाटकातली शिट्टी नको, रात्री नावाने मारलेली हाक नको. आईचं नाटक कुरतडलं जात होतं.

शेवटी देवळातले लिआओ आजोबा म्हणाले, "कौल लावू. देव हो म्हणाला तर मुलं पाठवशील ना गं, को?"

"पाठवीन की."

माझा विश्वास नव्हता. तरी लाकडी चंद्रकोरींची जोडी ओंजळीत धरली, खुर्ची रिकामी ठेवू का विचारलं आणि टाकली. दोन्हींच्या सपाट बाजू वर.

"देव हसतोय, म्हणजे ना हो, ना नाही," आजोबा म्हणाले. "नीट विचार."

पुन्हा टाकली. पुन्हा हसला.

"तुझ्या मनात दुसरंच काहीतरी आहे, पोरी."

देवाचा, आजोबांचा, त्या बदकाचा, सगळ्यांचा संताप आला. "आहे! आई बघायला येईल का, हे आहे."

को काकू म्हणाल्या, "अगं, मग आधी नाही का सांगायचं? तुझी आई त्या खुर्चीत बसल्यावर दुसऱ्या कुणाची काय बिशाद!"

पुढचा कौल होकाराचा पडला, एक सपाट बाजू वर, एक खाली.

प्रयोगाला सगळी मुलं हजर होती. काकूंनी खुर्चीवर उशी ठेवली, मी काढली, त्यांनी परत ठेवली. पडदा उघडला. मुलीचं काम करणारी पिन-झेन खुर्चीपाशी येऊन थबकली. वाक्य होतं, "सरक ना गं, मला बसू दे!"

ती वाकून म्हणाली, "आजी, जरा सरकता का?"

"सरक ना गं!" मी विंगेतून दबक्या आवाजात ओरडले.

तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. "मोठ्या माणसांशी असं बोलतात का?" आणि खुर्चीच्या अगदी कडेला, अंग चोरून बसली.