कोटाच्या पायाची माती

मी एक जुना मातीचा कोट आहे, मित्रांनो. पेंढाऱ्यांच्या धास्तीने अहमदपूरजवळच्या एका गावाने मला गढीभोवती उभारलं. गढी केव्हाच विरून गेली, मी राहिलो. पुरातत्त्व खात्याने माझ्यापुढे 'संरक्षित' असा निळा फलक लावला, तेव्हा मी जरा फुगलोही. फलकाने काय होतं म्हणा!

माझी पांढरी माती मोठी चिवट. दर उन्हाळ्यात लोक टोपल्या भरून नेत आणि घराच्या माळवदावर पसरत, म्हणजे पावसात छत गळत नसे. सगळे माझं कौतुक करत. वर्षानुवर्षं थरावर थर चढले. त्र्याण्णवच्या भूकंपात ती जड माळवदं निजलेल्यांवर कोसळली. माझ्या राखणदाराची, चांदपाशाची बायको बेगमबी तशीच गेली. माझ्याच मातीखाली. ते मला अजून सलतं.

मग गावात पत्रे आले, स्लॅब आले. माझी माती कोणाला नकोशी झाली. पण अलीकडे गावातल्याच बसलिंगप्पाने अहमदपुरात शिकवणीच्या पोरांसाठी हॉस्टेल काढलं, आणि त्याच्या भरावाला माझ्या पायातून ट्रॅक्टर भरू लागला.

"सरकारी फलक हाय, अप्पा," चांदपाशा म्हणाला.

"दोन खेपांनी काय कोट सरतो का, चाचा?"

दोनाच्या वीस झाल्या. बाहेरून माझा पाय पोखरला गेला. आतल्या सावलीत चांदपाशाची नात सुमय्या मला पाठ टेकून डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास करी. घरात पत्रा तापायचा ना! मला तडा गेला होता. तो रोज थोडा खाली उतरत होता, आणि ती पाठांतर करत होती. ओरडायला मला तोंड कुठलं? मी जीव मुठीत धरून उभा होतो.

एका दुपारी तिच्या वहीवर माती भुरभुरली. तिने फुंकर मारून पान उलटलं. पुन्हा भुरभुरली.

"नाना, कोटातून माती गळून राहिली."

 चांदपाशाने धावत येऊन तिचा हात धरला आणि ओढतच नेलं.

"चल बेटा. ही माती मला ठाव हाय."

दहा पावलं गेले असतील, माझी ती बाजू कोसळली. वह्या-पुस्तकं गाडली गेली. पोर वाचली.

बसलिंगप्पा आला. ढिगाऱ्यातून डोकावणारं पुस्तक पाहून त्याचा चेहरा उतरला.

"पोरगी आत बसते, हे मला ठाव नव्हतं, चाचा."

"खाली कोण निजतं, ह्याचा मीबी इचार केला नव्हता, अप्पा. भूकंपाच्या साली आमच्या माळवदावर माती मीच टाकली व्हती."

दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टर आला नाही. पण माझ्या उरलेल्या भिंतीचा पाय पोखरलेलाच आहे, आणि ऊन वाढलं की पोरं अजून सावलीला येतात. मित्रांनो, माझी माती नेऊ नका. मातीला पडताना बाजूला सरकता येत नाही.